काचेपलीकडची खुर्ची

४ जून

ताई,

काल पोचले. गाडीत बसायला जागा मिळाली, डोकं मात्र रस्ताभर ठणकत होतं. घरात पाऊल टाकलं तर यांनी पहिलाच प्रश्न विचारला, निघताना भिंगरी रडली का? नाही म्हटलं, आणि ते सांगताना मलाच रडू फुटलं. पावणेपाच वर्षांची पोर तीन महिने मावशीकडे राहणार, आई दारातून निघाली, आणि ही तुझ्या स्टेपलरशी खटखट करत बसली. मानसुद्धा वर केली नाही.

तुझ्या शाळेचा नियम मला मान्य आहे. तीन महिने आईने दिसायचं नाही आणि फोनवर आवाजही द्यायचा नाही. पत्रं लिहू असं तूच सुचवलंस ते बरं झालं, कारण फोनवर आपण दोघी तिसऱ्या मिनिटाला भांडायला लागतो आणि पोर शेजारी उभी राहून ऐकते.

आज कारखान्यात माझं लक्ष नव्हतं. शर्टाला सात काजं करायची, एकाला आठ झाली. काज एकदा कापलं की बुजवता येत नाही. सुपरवायझर काही बोलला नाही, नुसता तो शर्ट उचलून बाजूला ठेवला. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

आता मनातलं सांगते. तीन वर्षं मी रोज सकाळी देवाकडे एकच गोष्ट मागतेय, तिच्या तोंडून एक शब्द. डॉक्टर म्हणतात कान उत्तम, घसा उत्तम, समज तर मोठ्या माणसासारखी. मग अडलंय कुठे ते कुणालाच ठाऊक नाही. देवाने एकदा समोर येऊन निदान नाही तरी म्हणावं. तो काही आला नाही, म्हणून तुझ्याकडे आले. फुगू नकोस, तुझा नंबर दुसरा आहे.

विंचरताना उजव्या कानामागे हळू हात चालव, तिथे गुंता होतो. ती तुझ्या कुशीत झोपते का, हे मला कळवू नकोस. नाही, कळव.

तुझी,
धाकटी


१२ जून

धाकटे,

दुसरा नंबर दिल्याबद्दल आभारी आहे. नोकरीत मला तोही कधी मिळाला नव्हता.

तुला सगळं नीट समजावं म्हणून आमच्या वर्गाची रचना सांगते. वर्गाला लागून एक अरुंद खोली आहे आणि मधल्या भिंतीत मोठी काच. वर्गातून पाहिलं तर तो आरसा, खोलीतून पाहिलं तर खिडकी. खोली अंधारी राहिली पाहिजे, एवढीच अट. आत एक खुर्ची, एक टेबलदिवा आणि वर्गातलं बोलणं ऐकवणारा छोटा स्पीकर. मुलं थोडी रुळली की आईबाप तिथे बसून पाहतात. आत दिवा लागला की मुलाला आरशातून पलीकडची माणसं दिसायला लागतात आणि सगळा खेळ बिघडतो, म्हणून दिव्याच्या बटणावर मी चिकटपट्टी मारून ठेवलीय.

भिंगरीचं काय अडलंय याचा मला अंदाज आला आहे. रागावू नकोस, कारण हा तुझा दोष नाही, झाला तर गुणच आहे. तिने पेल्याकडे पाहिलं की तू पाणी आणतेस. दाराकडे पाहिलं की पायात चपला घालतेस. तिला तोंड उघडायची वेळच येत नाही. इथे मात्र आम्ही सगळे ठार मठ्ठ आहोत. तिने पेल्याकडे बोट केलं की मी झाडू आणून देते. परवा तिने माझ्याकडे असं पाहिलं की, या बाईला शिक्षिका कोणी केली?

तुझ्या देवाचंही असंच असेल बघ. बसला असेल कुठल्यातरी अंधाऱ्या खोलीत खुर्ची टाकून. माणसाने नुसतं पेल्याकडे पाहिलं आणि त्याने पाणी आणून दिलं असतं, तर माणूस आजतागायत मुका राहिला असता. मी काही देवाबिवाची बाई नाही, पण असा देव नोकरी मागायला आला तर आमच्या शाळेत लगेच ठेवून घेईन.

आमच्या भिंगरीने तोंड उघडलेलं नाही. खाणंपिणं झकास. आणि हो, कुशीत झोपते. तूच विचारलंस.

ताई


१९ जून

ताई,

"आमच्या भिंगरीने." हे दोन शब्द मी दुपारच्या सुट्टीत इतक्या वेळा वाचले की डब्यातलं तसंच राहिलं. आमच्या म्हणजे कुणाच्या? आठ दिवसांत ती तुमची झाली?

तुझा अंधाऱ्या खोलीतला देव मला मुळीच पटला नाही. मूल बोलावं म्हणून आई लपते, एवढं समजू शकते. पण मूल पडलं, डोकं फुटलं, तर ती लपलेली आई दार ढकलून धावत येते. गेल्या वर्षी भिंगरी तापाने फणफणली होती, दोन दिवस डोळे उघडले नव्हते, तेव्हा मी पेल्याकडे नुसतं बघत नव्हते ताई. मी ओरडले होते. स्पष्ट शब्दांत, तुझ्या शाळेत पैकीच्या पैकी मार्क मिळाले असते असं. तरी तो खुर्चीतच बसून राहिला. त्याला कोणी दोरीने बांधून ठेवलं होतं का?

की त्याच्या आवडीची माणसं ठरलेली आहेत आणि तिथे तो दिवा लावून गप्पा मारत बसतो? माझ्या शेजारच्या मशीनवर एक बाई आहे. ती सांगते की देव तिच्याशी आतून बोलतो, अगदी कुठल्या रंगाचा पडदा घ्यावा इथपर्यंत. तिचा मुलगा दहाव्या महिन्यात बोलायला लागला. ती वाईट नाही, माझ्यासाठी चहासुद्धा आणून ठेवते, पण ती देवाचं बोलायला लागली की तो चहा तिच्याच मशीनवर ओतावासा वाटतो. पडद्याच्या रंगाला वेळ आहे त्याला.

तुझंही लहानपणापासून असंच. आई तुझी वेणी आधी घालायची, कारण तुझी शाळा लांब. माझी पाळी येईपर्यंत तिचे हात दुखायला लागायचे आणि माझी वेणी दुपारपर्यंत सुटायची. आता माझ्या पोरीचे केसही तूच विंचरतेस.

मला फक्त एवढं सांग, ती काही बोलली का? खरं सांग.

धाकटी


८ जुलै

धाकटे,

उत्तराला उशीर झाला खरा. शाळेत तपासणी होती. तीन वर्षांचे कागद एका आठवड्यात लावायचे म्हणजे काय ते तुला काय सांगू. त्यातच मुख्याध्यापकबाईंनी पायऱ्यांना पिवळा रंग द्यायचं मनावर घेतलं आणि निम्मी शाळा पिवळ्या तळव्यांनी घरी गेली. आमचा नळही बिघडला होता, तो आता ठीक आहे.

प्रगती आहे असं म्हणायला हरकत नाही. घशातून आवाज काढते, ओठ हलवते. घाई करण्यात अर्थ नाही. वजन अर्धा किलो वाढलं. माझ्याकडून गोष्टी मात्र वसूल करून घेते. दुपारी अस्वलाची गोष्ट सांगायला घेतली की सुटका नाही. अस्वल घरी पोचलं तरी हिचं "अजून", अस्वल झोपलं तरी "अजून". काल अस्वलाआधी मलाच झोप लागली.

तापाच्या वेळी तो का उठला नाही, याचं उत्तर माझ्याकडे नाही. मी उगाच शहाणपणा केला. त्याला देऊ केलेली नोकरी मी परत घेते.

वेणीचं तुझ्या इतकं लक्षात असेल असं मला वाटलं नव्हतं.

ताई


१२ जुलै

ताई,

"अजून" कोण म्हणतं?

उलट टपाली कळव. नाहीतर मी फोन करीन आणि तो तिच्याच कानाला लावायला सांगीन.

धाकटी


१६ जुलै

धाकटे,

ती म्हणते. सव्वीस जूनपासून.

मी तिला एक बिस्किट दिलं आणि डबा बंद केला. तिने डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, बोट दाखवलं. मी नेहमीसारखी मठ्ठ. तिने खालचा ओठ चावला, बराच वेळ डब्याच्या झाकणाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "अजून." मी डबाच तिच्यापुढे ठेवला. तिने एकच घेतलं. आता सतरा शब्द झालेत, ते वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवले आहेत.

का कळवलं नाही? रोज संध्याकाळी तुला लिहायला बसायचे. तेवीस वर्षांत शेकडो मुलांचा पहिला शब्द मी ऐकला आणि त्याच दिवशी तो त्यांच्या आईच्या हवाली केला. हा एक चार दिवस आपल्याजवळ राहू द्यावा असं वाटलं. चाराचे वीस झाले. तुला मूल नाही म्हणून तू असं केलंस, असं तू म्हणशील. म्हण. मी स्वतःलाही तेच म्हणतेय.

मुख्याध्यापकबाईंची परवानगी काढली आहे. दोन ऑगस्टला ये आणि त्या खोलीत बसून स्वतःच्या डोळ्यांनी बघ. काचेवर टकटक करायची नाही आणि बटणाला हात लावायचा नाही. तू आलीस हे तिला कळता कामा नये.

ताई


५ ऑगस्ट

ताई,

तुला न भेटताच निघून आले. तू मागच्या दाराशी माझी वाट पाहत होतीस असं शिपाईबाईंनी सांगितलं, म्हणून मी पुढच्या दाराने गेले. आता जे झालं ते माझ्या बाजूने लिहिते, कारण तू ते आरशाच्या बाजूने पाहिलंस.

शिपाईबाईंनी मला खुर्चीत बसवलं आणि दार ओढून घेतलं. समोर तू होतीस आणि ती होती. फ्रॉक नवा. केस कापलेले, मला न विचारता. ती माझ्यापासून दोन हातांवर येऊन आरशात बघून जीभ काढायला लागली. मीही काढली. तिला ती दिसली नाही.

मग तुम्ही बादली आणि दोन पेले घेऊन बसलात आणि ती बोलायला लागली. ओत. सांडलं. गार आहे. तिचा आवाज घोगरा आहे ताई, थेट माझ्या सासूबाईंसारखा. इतकी वर्षं मी मनातल्या मनात तिला एक आवाज देऊन ठेवला होता, बारीक, किणकिणणारा. तो साफ चुकीचा निघाला. हाच तिचा खरा आवाज, आणि तो सगळ्यात आधी तू ऐकलास.

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण तो पाचेक मिनिटं टिकला, मग तुझा हेवा वाटायला लागला. तिचा प्रत्येक शब्द तुझ्याकडे बघून निघत होता. "सांडलं" नीट येईना तर तू तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतलंस. मग तिने रिकामा पेला तुझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "आई, अजून."

तू थबकलीस. आरशाकडे पाहिलंस, म्हणजे माझ्याकडेच, कारण मी तिथे बसलेय हे तुला माहीत होतं. आणि मग तू तिच्या पेल्यात पाणी ओतलंस. हे तू तिच्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं नाहीस.

मी ती चिकटपट्टी ओढून काढली आणि दिवा लावला. तिच्यासाठी लावला असं मी म्हणणार नाही. तू मला पाहावंस म्हणून लावला.

पण पाहिलं तिने. पेला टाकून धावत आली आणि दोन्ही तळवे काचेला चिकटवले. तोंड उघडलं. मला वाटलं, आता म्हणेल. तिने हात वर केले, उचलून घे म्हणून. मग बादलीकडे बोट केलं, मग ओल्या फ्रॉककडे, मग दाराकडे. एक शब्द नाही. दोन महिन्यांत शिकलेलं सगळं पुसून गेलं. आणि मला सगळं कळत होतं, तेच तर दुखणं. पाणी दाखवायचं होतं, फ्रॉक भिजला ते सांगायचं होतं, आता घरी जाऊ म्हणायचं होतं. आईला कळतंय हे तिलाही कळत होतं, मग बोलायचं कशाला?

मी दिवा घालवला. त्यागबिग काही नाही, मला लाज वाटली.

ती आरशात स्वतःकडेच बघत राहिली. मी वीतभर अंतरावर होते. तिने आरशावर थाप मारली, कडेला नाक लावून मागे डोकावायचा प्रयत्न केला. मग स्पीकरमधून तो घोगरा आवाज आला. "आई. दिवा लाव."

तुझ्या सतरा शब्दांत "लाव" नव्हतं. ते तिने स्वतः कुठूनतरी शोधून आणलं.

तू हात वर केलेला मी पाहिला. थांब, आणखी एकदा म्हणू दे, पक्कं होऊ दे, असं तुझं म्हणणं असणार. बरोबरच असेल ते. मी लावला. लगेच लावला.

देवाला हे कसं जमतं मला माहीत नाही. एवढी माणसं चारही बाजूंनी दिवा लाव म्हणतात, आणि हा बटणावर बोट ठेवून थांबतो. कदाचित बटण त्याच्या बाजूला नसेलच. त्या खोलीत बसल्यावर पहिल्यांदा वाटलं की आत बसणंही काही सुखाचं नाही. तिथून सगळं दिसतं, आणि आपलं माणूस दुसऱ्याला आई म्हणतं तेही दिसतं. पण मी त्याला माफ केलेलं नाही. मला जे मिनिटभर जमलं नाही ते त्याला इतका काळ जमतंय, म्हणजे एक तर तो फार मोठा आहे, किंवा त्याला मूल नाही. हे तुला टोचायला लिहिलेलं नाही. जरा टोचायलाच लिहिलंय.

तिला तशीच उचलून आणावी असं मनात आलं होतं. दिवा घालवून तुमच्या वर्गाच्या दारापर्यंत गेलेही. पण मी आत गेले असते तर ती पुन्हा हात वर करून गप्प झाली असती. म्हणून परत फिरले. उरलेला महिना तिला तिथेच राहू दे.

एकच सांग. ती तुलाही आई म्हणते आणि मलाही. तिच्या लेखी आई म्हणजे कोण, जी पाणी ओतते ती की जी दिवा लावते ती? उद्या ती घरी आली आणि तुझ्यासाठी रडली तर मी काय करायचं? हे मी तिला विचारू शकत नाही. ती तुझ्याकडे आहे.

धाकटी


१३ ऑगस्ट

धाकटे,

तू गेलीस त्यानंतरचं सांगते. भिंगरी आरशासमोरून हलेना. दिवा लाव, दिवा लाव, एकच धोशा. मी म्हटलं, बरं, लावते. त्या खोलीत गेले, दिवा लावला आणि खुर्चीत बसले. तिने काचेतून मला पाहिलं आणि तिचं तोंड एवढंसं झालं. म्हणाली, "तू नको."

हे मी तिला शिकवलं नव्हतं.

तेव्हापासून रोज हेच चाललंय. तिला खाऊ मी घालते, आंघोळ मी घालते, धडपडली तर उचलून घेते. आणि सकाळी वर्गात शिरली की ही धावते कुठे, तर त्या आरशाकडे, जिथे कोणीसुद्धा बसलेलं नाही. तुला हेवा वाटला म्हणतेस. बाई गं, हेवा काय असतो ते मला विचार. मी दिवसभर तिच्या डोळ्यांसमोर आहे आणि ती अंधाराला हाका मारते.

देव का लपतो म्हणून तू त्याच्याशी भांडतेस. मला आता वाटतं तो चांगला हुशार आहे. समोर राहून राबणाऱ्याला कोणी हाक मारत नाही, तो असतोच. तो आपल्यासमोर आला असता तर चार दिवस कौतुक झालं असतं आणि पाचव्या दिवशी आपण त्याच्या हातात झाडू दिला असता. दिसत नाही म्हणून तर इतकी वर्षं सगळे त्यालाच बोलावतात. पण हे मी जळून लिहितेय, तेव्हा यावर फार विसंबू नकोस. तुझ्या तापाच्या प्रश्नाचं उत्तर यातही नाही.

तुझं टोचणं लागलं. लागायलाच हवं होतं.

ती मला "आई" पहिल्यांदा म्हणाली तीन जुलैला. त्या दिवसापासून तू आलीस तोपर्यंत मी ते एकदाही दुरुस्त केलं नाही. चुकीचा शब्द चालवून घेतला की तो जिभेवर पक्का बसतो, हे मी दरवर्षी नव्या शिक्षिकांना पहिल्याच दिवशी सांगते. मला विसर पडला नव्हता. मला तो पक्का बसायला हवा होता.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी आपल्या दोघींचा एक जुना फोटो बाहेर काढला आणि तिला समोर बसवलं. तुझ्यावर बोट ठेवून म्हणाली, आई. मी म्हटलं, बरोबर. मग माझ्यावर बोट ठेवलं आणि पुन्हा म्हणाली, आई. मी म्हटलं, नाही. तिला वाटलं मला ऐकू आलं नाही, म्हणून तेच मोठ्याने म्हणाली. मी पुन्हा नाही म्हटलं. ती रडायला लागली. मी उठून तोंड धुऊन आले आणि परत तिच्यासमोर बसले. रोज अर्धा तास, दुसऱ्या कुठल्याही मुलाला घेते तशी. मावशी हा शब्द या वयाला जड जातो. शेवटचं अक्षर जिभेला सापडत नाही, मुलं "मावसी" म्हणतात आणि आम्हीही तेवढं सोडून देतो. मी सोडलं नाही.

शनिवारी सकाळच्या गाडीने तिला घेऊन येते. महिना थांबायची गरज राहिलेली नाही, आणि मी थांबले तर मला देववणार नाही. घरी तिने पेल्याकडे पाहिलं तर लगेच धावू नकोस, पेला हातात धरून जरा उभी राहा. जमेल तेवढंच. आणि स्टेशनवर पुढे येऊन थांब, उतरताना तिला आधी तू दिसली पाहिजेस. मी मागे सामान काढत असेन.

तू विचारलंस तिच्या लेखी आई कोण. काल संध्याकाळी मोजा पायात जाईना म्हणून तिने बाहेरच्या खोलीतून मला हाक मारली. मावशी. एकेक अक्षर सुटं, स्वच्छ. त्यात दुरुस्त करण्यासारखं काहीही नव्हतं.

ताई